कुरुंदवाड : संगमाच्या अलीकडचे गाव

(धागा)

१. नृसिंहवाडीला, म्हणजे नरसोबाच्या वाडीला, दर पौर्णिमेस भाविकांची रीघ लागते. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर स्नान, दत्तपादुकांचे दर्शन, परतताना बासुंदी आणि कवठाची बर्फी, असा हा ठरलेला क्रम असतो. पंचगंगेवरचा पूल ओलांडला की समोर कुरुंदवाड. वाडीला आलेल्यांपैकी फार थोडी पावले त्या पुलावरून पलीकडे जातात.

२. पलीकडे पाहण्यासारखे काय, असा प्रश्न साहजिकच पडतो. डोंगरी किल्ला नाही, लेणे नाही, दिपवून टाकणारा राजवाडाही नाही. एक घाट, काही देवळे, एक समाधी, पटवर्धनांच्या संस्थानाच्या खुणा आणि पाच मशिदी. मात्र यातील प्रत्येक जागेमागे महाराष्ट्राच्या इतिहासाचा एकेक मोठा प्रवाह आहे. तो ठाऊक असेल तरच हे गाव ‘दिसते’.

३. प्रारंभ नदीपासून करावा. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या सह्याद्रीतून येणाऱ्या नद्या कोल्हापूरजवळ प्रयाग चिखली येथे एकत्र येतात. गुप्त सरस्वती ही पाचवी मानून त्या प्रवाहाला पंचगंगा म्हणतात. तेथून पूर्वेकडे वाहत ती नृसिंहवाडीस कृष्णेला मिळते. कुरुंदवाड हे तिच्या उजव्या तीरावरचे अखेरचे मोठे गाव.

४. संगमाजवळची जागा धर्मदृष्ट्या पवित्र, शेतीच्या दृष्टीने सुपीक आणि लष्करी दृष्टीने मोक्याची. एकीकडे कोल्हापूर, दुसरीकडे मिरज, दक्षिणेस कर्नाटक. या प्रदेशात मराठी व कानडी या दोन्ही भाषा शतकानुशतके शेजारी नांदल्या. येथून जवळच असलेल्या खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरात यादव राजा सिंघण याचा शके ११३६ चा शिलालेख आहे. पटवर्धन येथे येण्यापूर्वी पाच शतके हा नदीकाठ नांदता होता.

५. आता घाटावर यावे. येथे एक समाधी आहे. ती सरसेनापती संताजी घोरपडे यांची, असे गाव पिढ्यान्‌पिढ्या मानत आले आहे. संताजी म्हणजे राजाराम महाराजांच्या काळातील मराठी फौजेचा सर्वांत धाकाचा सेनानी. १६९५ च्या अखेरीस दोड्डेरी येथे त्यांनी कासीमखानाच्या मोठ्या फौजेला कोंडून शरण आणले. पाठोपाठ १६९६ च्या प्रारंभी बसवापट्टणजवळ हिंमतखान त्यांच्याशी लढताना मारला गेला.

६. अशा सेनानीचा अंत मात्र शत्रूशी समोरासमोर लढताना झाला नाही. छत्रपतींशी बेबनाव झाला, सेनापतिपद गेले, धनाजी जाधवांशी वैर विकोपास गेले. आपल्याच माणसांनी साथ सोडलेले संताजी जून १६९७ मध्ये शंभू महादेवाच्या डोंगराळ मुलखात मारले गेले. मारणारा म्हसवडचा नागोजी माने. संताजींचे मस्तक औरंगजेबाकडे गेले. बादशहाचा तळ त्या वेळी भीमेकाठी ब्रह्मपुरीस होता.

७. येथेच चिकित्सक वाचक थबकतो. हत्या माणदेशाच्या बाजूला, मस्तक भीमाकाठी, मग समाधी पंचगंगेच्या काठी कशी? मस्तकाचा प्रवास समकालीन नोंदींतून उलगडतो, देहाच्या बाबतीत त्या मौन बाळगतात. ते मौन स्थानिक परंपरेने भरून काढले. नदीसंगमी उत्तरक्रिया करण्याची चाल जुनी आहे आणि हा मुलूख घोरपड्यांच्या परिचयाचा होता, एवढे मात्र म्हणता येते.

८. कागदाचा पुरावा आणि गावाची स्मृती या दोन्हींना आपापले मोल असते, पण एकाची जागा दुसऱ्याला देता येत नाही. समाधीपुढे हात जोडताना ‘येथेच संताजींचा देह आहे’ असे ठामपणे सांगण्याची गरज नाही. ज्याच्या हत्येला इनाम मिळाले, त्याचे स्मरण एका गावाने शतकानुशतके सांभाळले, हीच त्या दगडांची निर्विवाद साक्ष आहे.

९. संताजींचा आणि कुरुंदवाडचा आणखी एक धागा आहे. हा कागदोपत्री अधिक भक्कम आहे, पण त्याची चर्चा क्वचितच होते. वेंगुर्ल्याजवळच्या म्हापण येथील जोशी घराण्यातील नारो महादेव हा मुलगा संताजींच्या आश्रयास आला, त्यांच्या छायेत वाढला आणि कर्तबगार झाला. कृतज्ञतेपोटी त्याने धन्याचेच ‘घोरपडे’ हे आडनाव स्वीकारले. इचलकरंजीचे संस्थानिक घराणे ते हेच.

१०. या नारो महादेवांचे कुलोपाध्याय होते हरिभट पटवर्धन. मूळचे रत्नागिरीजवळच्या कोतवड्याचे, गणपतीचे निस्सीम उपासक. नारो महादेवांचा पुत्र व्यंकटराव याचा विवाह पेशवे बाळाजी विश्वनाथांची कन्या अनुबाई हिच्याशी झाला. त्यामुळे इचलकरंजीचे दार थेट पुण्याकडे उघडले आणि त्या दारातून हरिभटांचे पुत्रही पेशव्यांच्या नजरेस आले.

११. भिक्षुकाच्या मुलांनी पोथी खाली ठेवून तलवार उचलली. गोविंद हरी, रामचंद्र हरी आणि त्रिंबक हरी या तीन पुत्रांच्या शाखांतून पुढे मिरज, सांगली, तासगाव, जमखंडी आणि कुरुंदवाड ही घराणी विस्तारली. त्रिंबक हरींची शाखा ती कुरुंदवाडकरांची. या सर्व घराण्यांत गणपती हे आराध्य दैवत राहिले. सांगलीचे गणपती मंदिर हे त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण.

१२. थोरल्या माधवराव पेशव्यांनी १७६४ च्या सुमारास पटवर्धनांना जो मोठा सरंजाम दिला, तो तिघांच्या नावे होता : गोविंद हरी, परशुराम रामचंद्र आणि नीलकंठ त्रिंबक. मोबदल्यात आठ हजार स्वार बाळगायचे. कृष्णा आणि तुंगभद्रा यांमधला मुलूख राखणे, हैदरअलीला थोपवणे आणि कोल्हापूरकरांवर नजर ठेवणे हे त्या स्वारांचे काम.

१३. हा सरंजाम फुकटचा नव्हता. १७७७ मध्ये धारवाड भागातील सावशी येथे हैदरच्या फौजेशी झालेल्या लढाईत कुरुंदवाड शाखेचे कोन्हेरराव त्रिंबक धारातीर्थी पडले, तर मिरज शाखेचे पांडुरंगराव कैद झाले. पांडुरंगरावांचा अंत हैदरच्या कैदेतच झाला. एका दिवसात एका कुळाने दोन कर्ते पुरुष गमावले.

१४. या घराण्याबद्दल इतकी तपशीलवार माहिती उपलब्ध आहे, याचे श्रेय मिरजेच्या एका शाळामास्तरांना जाते. वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांच्या दफ्तरांतील हजारो पत्रे वाचली, लावली आणि ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ या नावाने खंडशः छापली. उत्तर पेशवाईचा अभ्यास या खंडांवाचून होऊ शकत नाही.

१५. पेशवाई मावळू लागली तशी जहागीर विभागू लागली. १८११ मध्ये कुरुंदवाड आणि शेडबाळ अशी पहिली वाटणी झाली. दुसऱ्या बाजीरावाचा आणि पटवर्धनांचा तंटा इंग्रजांनी १८१२ च्या पंढरपूरच्या तहाने मिटवला. १८१८ नंतर दक्षिणी जहागीरदारांनी कंपनीशी स्वतंत्र करार केले. १८५४ मध्ये कुरुंदवाडची पुन्हा वाटणी होऊन थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थाने झाली. शेडबाळ १८५७ मध्ये वारसाअभावी खालसा झाले.

१६. थोरल्या पातीचे क्षेत्रफळ दोनशे चौरस मैलांच्याही आत. १९०१ च्या शिरगणतीत तिची लोकसंख्या सुमारे बेचाळीस हजार. धाकटी पाती त्याहूनही लहान. शिवाय हा मुलूख सलग नव्हता. एक गाव कुरुंदवाडचे, शेजारचे कोल्हापूरचे, त्यापलीकडचे मिरजेचे किंवा इंग्रजांचे, असा पट होता. दोन कोस चालले तरी राज्य बदलत असे.

१७. अशा चिमुकल्या संस्थानांची थट्टा करणे सोपे आहे. पण या खंडित भूगोलाचा एक अनपेक्षित परिणाम झाला. सांगली, मिरज, जमखंडी, कुरुंदवाड, इचलकरंजी, कोल्हापूर हे सारे दरबार एकमेकांपासून फार तर एक-दोन मजलांच्या अंतरावर. गवयी, कीर्तनकार, मल्ल, नाटकवाले यांना एका दरबारात आश्रय नाही मिळाला तर दुसरा जवळच असे.

१८. अशाच एका कीर्तनकाराच्या घरी, दिगंबर गोपाळ पलुसकर यांच्या पोटी, १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाडला विष्णूचा जन्म झाला. लहानपणी वाडीच्या दत्तजयंतीच्या उत्सवात शोभेची दारू उडत असताना अपघात झाला आणि त्याची दृष्टी अधू झाली. शालेय शिक्षणाचा मार्ग खुंटला. उपचारांसाठी त्याला मिरजेस नेले.

१९. डोळे पूर्ण बरे झाले नाहीत, पण मिरजेस त्याला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर लाभले. बुवांनी ग्वाल्हेरला वासुदेवबुवा जोशी यांच्याकडे राहून ती ख्यालगायकी आत्मसात केली होती आणि ती महाराष्ट्रात रुजवली होती. मिरजकरांच्या आश्रयाने विष्णूची तालीम अनेक वर्षे चालली.

२०. मिरजेतील एका समारंभाची हकीकत पलुसकरांच्या चरित्रात सांगितली जाते. शिष्याला मानाचे निमंत्रण होते, कारण त्याच्यावर दरबाराची मर्जी होती. गुरूला मात्र नव्हते, कारण तो ‘गवई’. ज्या समाजात विद्येला दाद मिळते पण विद्यावंताला बसायला जागा मिळत नाही, त्या समाजाची रीत बदलावी हा ध्यास त्या अनुभवातून जागा झाला, असे मानतात.

२१. १८९६ मध्ये पलुसकरांनी मिरज सोडली. बडोदे, काठेवाड, उत्तर हिंदुस्थान असा प्रवास करून ते लाहोरला पोहोचले आणि ५ मे १९०१ रोजी तेथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. राजाच्या मर्जीवर न चालणारी, लोकांच्या वर्गणीवर आणि जलशांच्या उत्पन्नावर चालणारी ही संगीतशाळा होती. अभ्यासक्रम, परीक्षा, स्वरलेखन आणि छापील क्रमिक पुस्तके आली. कुलीन घरांतील मुलींनी गाणे शिकण्याची वाटही मोकळी होऊ लागली.

२२. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर ही त्यांची शिष्यपरंपरा. पलुसकर २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेस निवर्तले. १९७३ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. आज देशभर लक्षावधी मुले ‘गांधर्व’च्या परीक्षा देतात, त्या पद्धतीचे मूळ या नदीकाठच्या गावी जन्मलेल्या त्या अधू दृष्टीच्या मुलाच्या जिद्दीत आहे.

२३. पलुसकर कुरुंदवाडहून निघाले आणि जगाकडे गेले. दुसरा एक थोर गवई जगाची फिरस्ती करून कुरुंदवाडला आला. त्याचे नाव रहिमतखाँ, ग्वाल्हेरच्या हद्दूखाँचे पुत्र. विलक्षण गळा, पण व्यसन आणि मनाची विकल अवस्था यांमुळे दैन्यात भटकणारा. त्याला आधार दिला विष्णुपंत छत्रे यांनी.

२४. विष्णुपंत हे हिंदी सर्कसचे आद्य प्रवर्तक, अश्वविद्येत निष्णात आणि स्वतः हद्दूखाँचे शिष्य. गुरुपुत्राची अवस्था पाहून त्यांनी त्याला आपल्यापाशी ठेवले. सर्कस गावोगाव फिरे आणि तिच्याबरोबर रहिमतखाँही. दिवसा तंबूत घोड्यांच्या कसरती, तर इतर वेळी त्याच लवाजम्यातील गवयाची मैफल. विष्णुपंतांमागे त्यांचे बंधू काशिनाथपंत यांनी खाँसाहेबांना अखेरपर्यंत सांभाळले.

२५. येथे एक प्रचलित चूक दुरुस्त करण्याजोगी आहे. भारतीय सर्कसच्या इतिहासावरील इंग्रजी लेखनात विष्णुपंतांचा आश्रयदाता ‘कुर्डुवाडीचा राजा’ बाळासाहेब पटवर्धन असा उल्लेख वारंवार येतो. कुर्डुवाडी हे सोलापूर जिल्ह्यातील रेल्वेचे जंक्शन. तेथे पटवर्धनांचे संस्थान कधीच नव्हते. नामसाधर्म्यामुळे कुरुंदवाडचे कुर्डुवाडी झाले असावे. एका अक्षराच्या गफलतीने गाव आपल्याच इतिहासातून बाहेर पडते ते असे.

२६. रहिमतखाँचा शेवटचा काळ कुरुंदवाडला गेला आणि १९२२ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. ‘भूगंधर्व’ ही पदवी त्यांना रसिकांनी दिली. अखेरच्या वर्षांत त्यांचा आवाज ध्वनिमुद्रिकांवर घेतला गेला, म्हणून तो आजही ऐकता येतो. मिरजेस स्थायिक झालेले अब्दुल करीमखाँ यांच्या गायकीवर रहिमतखाँचा ठसा होता, हे जाणकार मान्य करतात.

२७. हा योग पाहण्यासारखा आहे. हद्दू-हस्सूखाँ या बंधूंची गायकी वासुदेवबुवा, बाळकृष्णबुवा अशा पायऱ्यांनी उतरत कुरुंदवाडला जन्मलेल्या मुलापर्यंत आली. त्याच हद्दूखाँचा औरस पुत्र कुरुंदवाडला येऊन विसावला. एका ब्राह्मण सर्कसवाल्याच्या कुटुंबाने एका मुसलमान गवयाला गुरुपुत्र म्हणून आयुष्यभर जपले.

२८. गावातील पाच मशिदी पाहताना हे लक्षात ठेवावे. कुरुंदवाडची ख्याती आज सर्वाधिक कशासाठी असेल, तर येथील मशिदींत गणेशोत्सवात गणपती बसतो यासाठी. कुडेखान बडेनाल साहेब, ढेपणपूर, बैरागदार, शेळके आणि कारखाना या त्या मशिदी. आरती आणि नमाज यांच्या वेळा परस्परांना सांभाळून ठरतात.

२९. इस्लामी वर्ष सौर वर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी लहान असते. त्यामुळे मोहरम दरवर्षी मागे सरकतो आणि साधारण ३२-३३ वर्षांनी गणेशोत्सवाशी येऊन भिडतो. २०१८, २०१९ आणि २०२० अशी सलग तीन वर्षे हा योग आला. त्या वेळी गणपती आणि पंजे एकाच छताखाली होते. यापूर्वीचा असा योग १९८० च्या दशकातला.

३०. अशा प्रथेला ‘आदर्श’ म्हणून गौरवताना तिच्यामागचे कष्ट नजरेआड होतात. २००९ च्या गणेशोत्सवात येथून जवळच असलेल्या मिरजेत दंगल उसळली आणि तिचे लोण आसपासच्या शहरांत पसरले. कुरुंदवाडची प्रथा त्यानंतरही चालू राहिली. हा सलोखा मातीत आपोआप उगवत नाही. मंडळाचे कार्यकर्ते आणि मशिदीचे विश्वस्त दरवर्षी समोरासमोर बसून तो नव्याने ठरवतात.

३१. संस्थानांचा शेवट मार्च १९४८ मध्ये झाला. दक्षिणी संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. त्यापूर्वी काही संस्थानिकांनी एकत्र येऊन स्वतंत्र ‘संयुक्त दख्खन राज्य’ उभारण्याचा प्रयत्न केला, परंतु प्रजेचा कल विलीनीकरणाकडे होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर जुन्या मुलखाचे तुकडे दोन राज्यांत गेले. शेडबाळ आज कर्नाटकात आहे, धाकट्या पातीचे वडगाव-माधवपूर हे बेळगावचे उपनगर झाले आहे.

३२. विलीनीकरणाबरोबर वाड्यांचा कारभार थांबला, पण परिसराची नवे पाऊल टाकण्याची वृत्ती थांबली नाही. कुरुंदवाडच्या शेजारच्या हेरवाड ग्रामपंचायतीने ४ मे २०२२ रोजी विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे हे गावाने नाकारले. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचे ते वर्ष. त्याच महिन्यात शासनाने सर्व ग्रामपंचायतींना हा कित्ता गिरवण्याचे आवाहन केले.

३३. आता या गावापुढचे संकट. ज्या नद्यांनी कुरुंदवाड घडवले, त्याच ते बुडवतातही. कृष्णा दुथडी भरली की पंचगंगेचे पाणी तिच्यात सामावत नाही, मागे फुगते आणि शिरोळ तालुक्याच्या सखल भागात पसरते. २००५ आणि २०१९ च्या महापुरांनी हा भाग दिवसेंदिवस वेढून ठेवला. २०२१ मध्ये तेच पुन्हा घडले.

३४. पलीकडच्या तीरावर पाणी पादुकांवरून वाहून दक्षिणेकडील दाराने बाहेर पडते, तेव्हा ‘दक्षिणद्वार सोहळा’ म्हणून भाविक स्नानास येतात. अलीकडच्या तीरावर तेच पाणी घाटाच्या दगडांतील सांधे सैल करते, जुन्या भिंतींत मुरते, गाळ टाकून जाते. पूर नसतो तेव्हा दुसरे दुखणे. तेरवाड बंधाऱ्याजवळ साचणारे प्रदूषित पाणी आणि मेलेल्या माशांचे खच ही दर उन्हाळ्याची बातमी झाली आहे.

३५. कुरुंदवाड पाहायचे असेल, तर पावसाळा सरल्यावर, नदी निवळल्यावर जावे. सकाळी वाडीचे दर्शन, मग पूल ओलांडून घाट आणि समाधी, गावात पटवर्धनकालीन खुणा आणि मशिदी, दुपारनंतर खिद्रापूर. कोपेश्वराच्या स्वर्गमंडपात वर्तुळाकार खुले छत आणि त्याखाली तशीच वर्तुळाकार शिळा आहे. नंदी मात्र मंदिरात नाही. तो कृष्णेपलीकडे, कर्नाटकातील येडूरला, असे परंपरा सांगते.

३६. वाड्यांचे चिरे ढासळतील, घाटाच्या पायऱ्यांची डागडुजी व्हावीच लागेल. पण संताजींची समाधी कोणाची म्हणून दाखवायची, पलुसकर कोठल्या गल्लीत वाढले, रहिमतखाँ कोणाच्या आधारावर जगले, हे सांगणारी माणसे गावात राहिली नाहीत, तर दुरुस्त केलेला घाटही मुका होईल. पुढच्या पौर्णिमेस वाडीला जाणाऱ्यांनी घड्याळात दोन तास राखून ठेवावेत. पूल काही फार लांब नाही.

(समाप्त)